माझं समाधान झालेलं नाही

"साडी झटक," सुपरवायझर म्हणाला.

पाळी सुटली होती. सगळ्या बाया गेटवर उभ्या. मी साडी झटकली.

"केस सोड."

सोडले.

"परकर झटक."

वॉचमननं तोंड फिरवलं. ह्यानं नाही फिरवलं. माझ्यावर धाग्याची बॉबिन चोरल्याचा आळ होता. दुसऱ्या दिवशी बॉबिन स्टोअरमध्येच सापडली. माझी कुणी माफी मागितली नाही.

आम्ही धुळ्याकडचे. सिल्वासाच्या आमली भागात खोली घेऊन राहायचो. नवरा त्याच कारखान्यात पॅकिंगला. मी पोलिसात जाते म्हटल्यावर मॅनेजरनं एका संस्थेचे सर बोलावले. ते म्हणाले, चूक करणारा आणि सोसणारा समोरासमोर बसले की मन मोकळं होतं, कोर्टाची गरज नाही.

मॅनेजरच्या केबिनमध्ये बसवलं. सुपरवायझर म्हणाला, "गैरसमज झाला. सॉरी."

सर म्हणाले, "ताई, आता तुम्ही मन मोठं करा."

मॅनेजर माझ्याकडे बघत होता. मला नवऱ्याची नोकरी दिसत होती. मी म्हटलं, "माफ केलं." त्यांनी टाळ्या वाजवल्या.

आठवड्यात मशीनवरून काढून मला झाडूवर लावलं. सुपरवायझर जाता-येता म्हणायचा, "काय, माफ केलंस ना?"

पुढच्या वर्षी मुंबईहून एक मॅडम आल्या. अशा बैठकांचा उपयोग होतो का, ते तपासायला. कुठं बसून? त्याच केबिनमध्ये. शेजारी मॅनेजर.

"बैठकीनंतर तुमचं समाधान झालं का?"

"सगळ्या बायांनी हो म्हटलंय," मॅनेजर म्हणाला.

खानवेलकडची सुकी माझ्या आधी त्याच सुपरवायझरसमोर बसली होती. त्यानं तिला केस धरून ओढलं होतं. बैठक झाली आणि तिनं काम सोडलं.

मी विचारलं, "सुकीला विचारलं का?"

"आम्ही कामावर असलेल्यांनाच विचारतोय," मॅडम म्हणाल्या.

"ज्या गेल्या, त्या का गेल्या?"

"ते ह्या अभ्यासात येत नाही."

मी म्हटलं, "मग माझं लिहा. मी भीतीनं माफ केलं म्हटलं. तेव्हा केलं नव्हतं, आता पण करत नाही."

"बाई चिडलीय. हिचं सोडा," मॅनेजर म्हणाला.

मॅडमनी पेनाला टोपण लावलं.

त्याच महिन्यात आम्हा दोघांना काढलं. बैठका यशस्वी झाल्या असं मॅडमनी नंतर छापलं म्हणतात. छापोत. माझं उत्तर त्यात नसेल, सुकीचं तर नाहीच.

सुकी आता माझ्यासोबत दुसऱ्या कारखान्यात आहे. तिथंही बायांना मोठं मन करायला सांगणारे येतात. जिला बैठकीला बसवतात, त्या बाईच्या दोन्ही बाजूंना आम्ही दोघी उभ्या राहतो. तिनं हो म्हणावं म्हणून कुणी तिच्याकडे डोळे वटारले, तर पोलिसात आम्ही तिच्यासोबत जातो. माफी द्यायची की नाही, ते ती ठरवील. मी देणार नाही.