भन्तेजी विचारायचे, "वाचलं का कोणी?"

छापखान्यातली कागदाची कातरणं रोज झाडून टाकता येतात. किस्से कुठे टाकायचे? जालन्याच्या मस्तगडात आम्ही छापखान्यात कामाला होतो तेव्हा, नव्वदच्या आसपास, निम्मे किस्से एकट्या भन्तेजींचेच साठले. भन्तेजी म्हणजे बौद्ध भिक्खू; साध्या मराठीत धम्मावर छोट्या पुस्तिका लिहायचे आणि गावोगाव वाटायचे. लोकांनी पाया पडण्यापेक्षा वाचावं, एवढी एकच आस त्यांना!

*

रहीमचाचा आमचे कंपोझिटर, शिशाची अक्षरं जुळवणारे. एकदा त्यांनी जुळवलेलं अख्खं पान हातून सांडलं. अक्षरांचे खिळे खोलीभर!

भन्तेजी शांतपणे म्हणाले, "चाचा, सगळं अनित्य आहे."

"बिलकुल बराबर, भन्तेजी! पर हे अनित्य परत जुळवायला मलाच सांज होईल ना!"

भन्तेजी इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला.

*

मौनावरच्या पुस्तिकेचं प्रूफ तपासायला आले, तो नेमका त्यांचा मौनाचा दिवस. एकेक दुरुस्ती चिठ्ठीवर लिहून देऊ लागले. टेबल भरलं. शेवटी आमचे मालक हात जोडून म्हणाले, "भन्तेजी, बोला हो! कागद महाग झालाय!"

*

अंकुशनगरच्या साखर कारखान्यातला एक कामगार प्रत्येक पुस्तिका न चुकता न्यायचा. भन्तेजी खूश! एकदा त्याच्या घरी गेले. सगळ्या पुस्तिका प्लास्टिकमध्ये गुंडाळून बुद्धमूर्तीपुढे, शेजारी मेणबत्ती.

"हात धुतल्याबिगर कोणाला शिवू देत न्हाई, भन्तेजी!"

"अन् वाचतं कोण?"

"वाचून खराब न्हाई का होणार?"

*

मग रागावरची पुस्तिका निघाली. बाइंडिंगच्या गडबडीत मधली सोळा पानं घालायचीच राहिली, आणि हे कळेपर्यंत सगळ्या प्रती वाटून झालेल्या! आम्ही घाबरलो. भन्तेजी म्हणाले, "राहू द्या. जो वाचेल तो मागायला येईल."

कोणी आलं नाही. भन्तेजी येता-जाता विचारायचे, "आलं का कोणी?" आम्ही मान हलवायचो. त्यांचा उतरलेला चेहरा बघवत नसे. एकदा तर म्हणाले, "आता लिहिणं बंद करावं म्हणतो."

त्याच आठवड्यात केदारखेड्याहून एक बाई एसटीनं आली. भन्तेजी समोरच बसलेले. तिनं पुस्तिका टेबलावर आपटली.

"राग आला की अगुदर थांबा, असं लिव्हलंय तुम्ही. मी थांबले. पुढं पानंच न्हाईत! सासू महिनाभर बोलून राह्यली अन् मी आपली थांबूनच हाय! पुढची पानं द्या जल्दी, मंग बघते तिच्याकडं!"