तीनदा विचारण्याची पद्धत

नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या आमच्या ऑफिसात मॅनेजरने मला काचेच्या मीटिंग रूममध्ये बोलावलं आणि विचारलं, ‘‘टीम लीडची जागा रिकामी होतेय. तू घेशील का?’’ चिप बनवणाऱ्या मशीनच्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग मी सात वर्षं करत होते आणि ती जागा मला हवी होती. अगदी मनापासून हवी होती. म्हणून पुण्यात वाढलेली कुठलीही शहाणी बाई म्हणेल तेच मी म्हटलं, ‘‘छे, मी कशाला? बाकीचे आहेत की.’’

आता तो म्हणणार होता, असं कसं, तूच हवीस. मग मी थोडे आढेवेढे घेणार होते आणि तिसऱ्या वेळी, केवळ त्याचा मान राखायचा म्हणून, हो म्हणणार होते. आमच्या घरी दुसरा लाडूसुद्धा याच रीतीने पानात पडतो. मॅनेजर म्हणाला, ‘‘हेल्डर.’’ म्हणजे डचमध्ये, स्पष्ट कळलं. त्याने लॅपटॉप मिटला आणि सायकलवर बसून घरी गेला.

मी आठवडाभर वाट पाहिली. कॉफी मशीनपाशी उगाच रेंगाळले. तो भेटला की हवेबद्दल बोलायचा. शुक्रवारी कळलं, त्या जागेसाठी दोघांच्या मुलाखती ठरल्यात. त्यातल्या एकाला टेस्टिंग मीच शिकवलं होतं. मला राग आला. त्याचा आला आणि त्याहून जास्त माझा स्वतःचा आला.

त्याच आठवड्यात एचआरने मला, गोऱ्या नसलेल्या बायकांसाठी असतो तसल्या एका लीडरशिप कोर्सला पाठवलं. आम्ही नऊ जणी होतो. शिकवणारी बाई दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामची, तिचे पणजोबा बिहारकडून तिकडे गेलेले. तिने बिस्किटांची बशी फिरवली. मी ‘नको, नको’ म्हटलं. बशी पुढे गेली आणि परत आली तेव्हा रिकामी होती. मी त्या बशीकडे असं काही पाहिलं असणार की बाईला हसू आलं.

‘‘तुमच्याकडेही तीनदा विचारतात का?’’

मी मान डोलावली आणि टीम लीडचं सगळं सांगून टाकलं. आठही जणी पोट धरून हसल्या. त्यातल्या पाच जणींनी हाच पराक्रम आधी केलेला होता. बाई म्हणाली, ‘‘आमच्याकडे तर चौथ्यांदाही विचारतात. पण तुझा मॅनेजर आपल्या घरात वाढलेला नाही. जा आणि सांग त्याला.’’

सोमवारी मॅनेजरला दारातूनच सांगितलं, ‘‘मला टीम लीड व्हायचंय.’’

तो गोंधळला. ‘‘पण तू नाही म्हणालीस.’’

‘‘ते पहिलं ‘नाही’ होतं.’’

‘‘एकूण किती असतात?’’

‘‘दोन. मग हो.’’

त्याने ते खरंच वहीत लिहून घेतलं, आणि माझं नाव मुलाखतीच्या यादीत घातलं. मुलाखतीत मी स्वतःची इतकी स्तुती केली की घरी येऊन त्या लाजेत वरण करपवलं. जागा मात्र मिळाली.

दोन महिन्यांनी टीममध्ये मुंबईची एक मुलगी आली. कामाला चोख, बोलायला जेमतेम. गुरुवारी ग्राहकांसमोर डेमो होता. मी जाता जाता तिला विचारलं, ‘‘डेमो तू देशील का गं?’’

‘‘नको मॅडम,’’ तिने मान हलवली. ‘‘मी नवीन आहे. बाकीचे देतील ना.’’

मला पुढच्या मीटिंगची घाई होती. बरं म्हणून निघणार, तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरच्या मॅनेजरकडे लक्ष गेलं. मराठी त्याला ओ की ठो कळत नाही, पण हलणारी मान त्याने पाहिली होती. त्याने मला गुपचूप एक बोट दाखवलं.

मी परत फिरले आणि पुन्हा विचारलं. तिने पुन्हा मान हलवली. मॅनेजरने दोन बोटं दाखवली.

मी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले आणि तिसऱ्यांदा विचारलं.

‘‘तुम्ही इतकं म्हणताय तर देते,’’ ती म्हणाली, आणि तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. स्लाइड्स तिने रविवारीच तयार करून ठेवल्या होत्या.