तासभर मी घरात नाही

घरी बसून डिग्री करणाऱ्या मैत्रिणींनो, आज दुपारचीच गोष्ट सांगते.

मी महाळुंगेत राहते, कंपनीत नोकरी करते आणि ऑनलाइन बी.कॉम. शिकते. पहिली शिफ्ट संपवून आले की क्लास असतो, पण मी घरात दिसले की कुणीतरी हाक मारतंच. अर्धवट सोडलेले क्लास इतके साठले, की यंदा परीक्षाच देऊ नये असं वाटायला लागलं होतं.

आज क्लासआधी धीर करून सासूबाईंना म्हणाले, "आई, तासभर मी घरात नाहीच असं समजा."

त्या उठून स्वयंपाकघरात निघून गेल्या. मला वाटलं, रागावल्या. मी आतल्या खोलीचं दार लावून घेतलं.

थोड्या वेळाने शेजारच्या काकू आल्या. मी सवयीने उठणार, तेवढ्यात सासूबाईंचा आवाज आला, "सून कॉलेजात गेलीय."

"अहो, तिची चप्पल तर इथंच आहे!"

"असू दे की. कॉलेज आतल्या खोलीत हाय. तास सुटला की या."

आज पहिल्यांदा क्लास शेवटपर्यंत झाला. इतके दिवस मी वेळापत्रक मोबाईलमध्ये लावत होते, घरातल्या माणसांना मात्र सांगितलंच नव्हतं. तुम्ही सांगितलंय का?