क्रांतीची खिरापत

रहिमतपूरच्या क्रांतीला घट बसल्यापासून चैन नव्हती. नववीतली पोर. वडील फौजेत, घरी आई आणि ती. देवीला माळ चढवतानाही तिचं चित्त थाऱ्यावर नसायचं.

झालं होतं एवढंच, की आईला ताप भरला म्हणून कोरेगावच्या मामाचा दिग्विजय क्रांतीला शाळेतून गाडीवर घरी घेऊन गेला. पोरींनी बघितलं, कोण गं म्हणून विचारलं, तर ही सरळ सांगून बसली, मामाचा पोरगा. आपल्याकडं मामाच्या पोराचं नाव निघालं की लोक पुढचं आपणच जोडतात, हे तिच्या मागाहून ध्यानात आलं. दुसऱ्या दिवशी वर्गभर झालं, क्रांतीचं लग्न ठरलं, आता दहावीला काय ती बसत नाही.

खरं काय ते संयोगिताला ठाऊक होतं. एका बाकावरची, एका डब्यात जेवणारी मैत्रीण. पण खो-खोच्या संघात क्रांती गेली, ही राहिली, तेव्हापासून ती नुसती ओठांनी हसायची. आपल्या आईच्या मोबाईलवर पोरींचा नवा ग्रुप तिनंच काढला, क्रांतीला वगळून. ही लग्नाची आवई फिरत फिरत वडिलांच्या कानावर गेली, तर ते शाळाच बंद करतील, या धास्तीनं क्रांतीचा डबा भरलेलाच परत येत होता.

अशात शाळेच्या हादग्यात खिरापतीची पाळी तिची आली. पाटावरच्या हत्तीच्या चित्राभोवती फेर झाला, गाणी झाली. आता डब्यात काय ते ओळखायचं. एरवी लाडू, करंजी, चिवडा असा गलका. आज सगळ्यांच्या माना खाली. बाईंनी दोनदा सांगून बघितलं. शेवटी क्रांती डबा घेऊन संयोगितापुढं जाऊन उभी राहिली.

"तू वळख. तुमच्याच रानातलं हाय. तुझ्या आईनं काल पाटीभर दिलंय."

"मला न्हाई येत."

"खरं बोलाय बी येत न्हाई व्हय?"

संयोगिताचा चेहरा उतरला. "शेंगा," ती पुटपुटली. "उकडलेल्या." आणि लग्नाचं कुणी काही विचारायच्या आत तिनं डब्याकडं हात केला.

बाईंच्या देखत सगळ्यांनी मूठमूठ घेतल्या. पोरी पांगल्यावर क्रांती पाट उचलायला गेली, तर भिंतीकडंला अख्ख्या शेंगांचा ढीग, एकही फोडलेली नाही. संयोगिता बसली होती तिथं तेवढी टरफलं होती.

घरी आईनं विचारलं, "संपली का गं खिरापत?"

"एकीनं खाल्ली," क्रांती म्हणाली. उद्या संयोगिताशेजारी त्याच बाकावर बसावं का नाही, हे काही तिला ठरवता येईना.