फुनके नावाचा कोड

त्या उन्हाळ्यात केळीच्या बागेत ठिबकच्या नळीत पाय अडकून मी पडले. घोट्याचं हाड मोडलं. गुडघ्यापर्यंत प्लास्टर घालून डॉक्टरांनी मला घरी पाठवलं आणि मधल्या खोलीतल्या पलंगावर माझा मुक्काम पडला. नवरा सकाळीच बागेत जायचा, घडांची कापणी चालू होती. स्वयंपाकपाणी सगळं सासूबाईंवर आलं. मी पडून पडून छताकडे बघायचे. कूलरच्या पाण्याचा वास, दुपारभर तोच एक घरघराट, खिडकीतून आत येणारा हिरवट उजेड. झोप लागली की नाही हेही कळायचं नाही.

अशाच एका दुपारी फोनमध्ये तो गेम सापडला. त्यात एक लांबच लांब नदी होती. आपण आपली होडी चालवायची, एका गावचा माल दुसऱ्या गावी न्यायचा, वाटेत पाऊस लागला तर काठाला थांबायचं. मारामारी नाही, घाई नाही. कितीतरी वेळ नुसतं पाणी सरकत राहायचं. कसा खेळतात ते शिकायला मी व्हिडिओ शोधत होते. सगळे हिंदीत, मोठ्या आवाजात. आणि मध्येच एका मुलीचा आवाज आला.

"देखा रे भो, पानी चढी ऱ्हायनं. नाव काठले लावा, नहीं ते आख्खा माल बुडी."

मी फोन कानाशी नेला. अहिराणी! माझं माहेर नंदुरबारचं, लहानपणी घरात हीच बोली होती. पण शाळेत गेल्यापासून मी मराठीला लागले आणि पुढे शाळेत शिकवायलाही लागले, तेव्हा तर ती जिभेवरून उतरलीच. सासूबाई अहिराणीत विचारायच्या, मी मराठीत उत्तर द्यायचे. दोघींनाही त्याचं काही वाटत नसे.

त्या मुलीचा चेहरा कधी दिसायचा नाही. फक्त तिची होडी, नदी आणि आवाज. रोज दुपारी जेवणानंतर ती लाइव्ह यायची. बघणारी माणसंही फार नसत. बोलता बोलता ती पाणी प्यायची, तेही ऐकू यायचं. कुठेतरी मागे कोंबडी ओरडायची.

सासूबाई भांडी आवरून पदराने हात पुसत आत आल्या. "हाई कोन बोली ऱ्हायनी व? कोनी उनं का?"

"कोणी आलं नाही आई. फोनमधली मुलगी आहे. गेम खेळते."

त्या पलंगाच्या कडेला टेकल्या. थोडा वेळ ऐकलं, मग चष्मा आणायला उठल्या. "आपली बोली बोलस ना ही पोर!" त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की जणू टीव्हीवर आमचंच घर दिसतंय.

त्या दिवसापासून दुपारची झोप त्यांनी सोडली. माझ्या प्लास्टरच्या पायाशी उशी घेऊन बसायच्या, एका हाताने मला वारा घालायच्या आणि ती मुलगी वळण चुकली की कपाळावर हात मारायच्या. हळूहळू होडी चालवायला मीही शिकले, मग त्याही शिकल्या. बोट काचेवर टेकवून ठेवायचं आणि सोडायचं नाही, एवढंच तर होतं. पण त्यांचं बोट केळीच्या चिकाने काळवंडलेलं, खरखरीत, फोन कधी कधी ते ओळखायचाच नाही. मग त्या बोट ओल्या फडक्याला पुसून पुन्हा लावायच्या.

एकदा लाइव्हच्या शेवटी ती मुलगी जरा अडखळत म्हणाली, गेमच्या दुकानातून कोणी काही घेणारच असाल तर पैसे देताना माझा कोड टाका. तुम्हाला जास्त काही पडत नाही, त्यातला थोडा वाटा मला मिळतो. नाही टाकला तरी चालेल, या मात्र रोज. तिचा कोड होता, फुनके.

सासूबाई हसतच सुटल्या. "फुनके? कढीसंगे खातस त्या?"

"तेच आई. डाळीचे."

"अन ते टाकं का तिले पैसा भेटस?"

मी समजावून सांगितलं. दुकानात आपण होडी घ्यायची, पैसे गेमवाल्यांना जातात, पण आपण कोणाच्या सांगण्यावरून आलो ते कोडवरून त्यांना कळतं, आणि तिचा वाटा तिला पोचतो. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"म्हनजे आरतीना ताटमा टाकतस तसं. ताट देवनं, पन पोट भरस पुजारीनं."

"तसंच काहीसं."

"मंग टाक ना. रोज घसा कोरडा करी ऱ्हायनी पोर. आपन फुकट आयकी ऱ्हायनूत."

आम्ही दोघी दुकान बघायला बसलो. सोनेरी होड्या होत्या, मोराच्या तोंडाच्या होत्या, दिव्यांच्या माळा लावलेल्या होत्या. मी मोराची दाखवली. "ती नको. लगीनना मांडोसारखी दिखस." त्या पुढे पुढे सरकवत राहिल्या. एकदम थांबल्या. कोपऱ्यात एक साधी, रुंद, लाकडी होडी होती, मागे एक लांब बांबू, पुढे कंदील. "ही. ही खरी नाव शे."

मी कोड टाकला, होडी घेतली. मग चॅटमध्ये लिहायला घेतलं की तुमचा कोड टाकून होडी घेतली. लिहिता लिहिता बोटं थबकली. मराठीत लिहावंसं वाटेना. 'तुन्हा कोड टाकीसन नाव लिधी,' असं लिहून पाठवलं. शाळा सोडल्यानंतर अहिराणीत लिहिलेलं ते माझं पहिलं वाक्य असेल. शाळेत तरी कुठे लिहिलं होतं म्हणा.

तिने ते मोठ्याने वाचलं. मग म्हणाली, "माय व! कोनी खरंच टाका."

त्यानंतरच्या दुपारी माझ्या मनात एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. सासूबाई होडी चालवायच्या आणि बोलायच्या. त्यांचं माहेर तापीपलीकडे. नवी नवरी असताना पूल नव्हता, नावेने जावं लागायचं. नावाडी मागे उभा राहून बांबू रोवायचा. नावेत माणसं, कापसाची गाठोडी, एखादी शेळी. मध्यावर आलं की वारा लागायचा आणि डोक्यावरचा पदर उडायचा. तेवढ्या पाण्यापुरता तो त्या सावरत नसत, कारण सासर मागे राहिलेलं असे आणि माहेर अजून आलेलं नसे. हे सांगताना त्यांचं बोट काचेवरून सुटायचं, होडी आपली आपण वाहत जायची. माझेही डोळे जड झालेले असायचे. त्यांचा आवाज, कूलर आणि ती नदी यांत वेगळं काही राहायचं नाही. जाग आली की बघावं तर सासूबाई बसल्या जागी झोपलेल्या, फोन मांडीवर, आणि आमची होडी कुठल्यातरी अनोळखी काठाला गवतात शांत लागलेली.

एक दिवस त्या मुलीने सगळ्यांना बोलावलं. ज्यांनी कोड टाकलाय त्यांनी आपापल्या होड्या घेऊन या, एकत्र फिरू. गेममध्ये संध्याकाळ होती, पाणी जांभळं झालेलं. एकेक होडी वळणावरून येत गेली. कोणाची सोनेरी, कोणाची मोराची. आमची सगळ्यांत साधी. ती प्रत्येकाला विचारत होती, तुमचा माल कुठे चाललाय. आमच्यापाशी आली. त्याआधी मी कधीतरी तिला लिहिलं होतं की सासूबाई चालवतात, त्यामुळे तिला माहीत होतं.

"मावशी, तुम्ही कोठे चालनात?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "लिख, माहेरले."

मी लिहिलं.

"माहेर कोठे शे, मावशी?"

"तापीना पलीकडे लिख."

तिकडे मागे ती कोंबडी ओरडली. मग मुलगी म्हणाली, "चला रे सगळा. मावशीले माहेरले सोडी येऊत."

सगळ्या होड्या वळल्या. नदी तिथे रुंद होती, पलीकडचा काठ धुक्यात होता. आमचा कंदील पुढे, मागे सगळ्यांचे दिवे, पाण्यात त्यांची लांबच लांब थरथर. सासूबाईंनी बोट एकदाही उचललं नाही. काठ लागला तेव्हा तिथे काहीच नव्हतं, दोन झाडं आणि एक पायवाट. तरी त्या म्हणाल्या, "पोचनूत," आणि पदर तोंडाला लावला. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता, तो त्यांनी सावरला नाही.

चहा पिताना मी विचारलं, "आई, तुम्ही शेवटच्या कधी गेलात तिकडे?"

त्यांना लगेच आठवेना. पूल झाल्यापासून वाट चहा उकळण्याइतकी जवळ झाली होती. पण भाऊ गेला, त्यानंतर कोणी बोलावलं नाही, सासूबाईंनीही कळवलं नाही. भांडण काहीच नव्हतं. "भाऊ नहीं ते कोना घर जावो?" एवढंच म्हणाल्या. भावजय मात्र होती, तिथेच, त्याच घरात.

प्लास्टर निघालं त्याच आठवड्यात मी काठी टेकत गाडीत बसले आणि सासूबाईंनाही बसवलं. नवऱ्याने सोडलं आणि तो कापणीच्या ट्रकसाठी परत फिरला. पुलावरून जाताना त्या काचेला नाक लावून खाली बघत होत्या. बंधाऱ्यामुळे नदी तट्ट भरलेली. नाव लागायची ती जागा कुठे होती, ते बोट दाखवून सांगता येईना.

मामी, म्हणजे सासूबाईंची भावजय, दारातच धान्य निवडत बसल्या होत्या. वर पाहिलं, सूप बाजूला ठेवलं. दोघी म्हाताऱ्या एकमेकींकडे बघत राहिल्या.

"उनी का?" मामी म्हणाल्या.

"उनी."

मग मामींनी त्यांचा हात धरून आत नेलं आणि कोण किती वाळलं यावरून दोघींची जी जुंपली, ती जेवण होईपर्यंत. मामींनी शेंगदाण्याच्या आमटीबरोबर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी केली. सासूबाईंनी माझा फोन मागून ती मुलगी ऐकवली. मामींना वाटलं आमच्याच नात्यातली कोणीतरी आहे, तिचं लग्न झालं का, म्हणून त्या पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या. आम्ही समजावणं सोडून दिलं.

दुपार चढली. दोघी जमिनीवर एकाच चटईवर आडव्या झाल्या, बोलता बोलता एकीचं वाक्य अर्धंच राहिलं, दुसरीचं त्याच्याही आधी. छताच्या पंख्याने दोघींचे पांढरे केस एकाच बाजूला उडत होते. मी भिंतीला पाठ टेकून पाय लांब केला. अंगणात कडुनिंबाची सावली हलत होती.

नवऱ्याचा फोन आला. "ट्रक भरला. घ्यायला येऊ का?"

मी चटईकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "आज नको. उद्याही बघू."