आवाज न करणारी मशीन

अप्पा गेले हे सांगायला आमच्या कमठाणा गावाहून माणूस शाळेत आला, तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो, "कुणी बघितलं?" तो बिचारा गोंधळला. "बाई, मीच बघितलं की," म्हणाला. मग मात्र मी हातातला खडू खाली ठेवला आणि भिंतीला टेकून रडले... डोळ्यांनी बघितल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवायची आमच्या घरात पद्धतच नव्हती. ती अप्पांनी लावलेली.

माझे वडील विहिरींवरची डिझेल इंजिनं दुरुस्त करायचे. इंजिन बिघडलं तरी आधी खोलायचे नाहीत. लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरचं, टोक इंजिनाला टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. आतला बिघाड त्यांना आवाजावरून कळायचा. माणसाच्या बोलण्यावर मात्र काडीचा भरवसा नाही. म्हैसूर राज्याचं कर्नाटक झालं तेव्हा गावात पेढे वाटले, तर हे म्हणाले, "पाटी बदलली. रस्त्यातले खड्डे बदलले का बघून या." माझ्या लग्नाआधी मुलाची नोकरी खरी आहे का, हे बघायला त्याच्या कचेरीत जाऊन बसले होते. वर त्यालाच विचारलं, "तुमी रोज येता का इथं?"

अशा माणसाला चक्कर येऊ लागली. एकदा तर इंजिनाच्या फिरत्या पट्ट्याशेजारीच कोसळले, थोडक्यात वाचले. हैदराबादच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाचे ठोके मधेच थांबतात, छातीत पेसमेकर बसवावा लागेल. अप्पांनी साफ नकार दिला. मायनं हात जोडले, मी हट्टाला पेटले. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाले, "तू म्हणायलीस म्हणून. पण बसवताना तू तिथं उभं ऱ्हायचं. डोळ्यानं बघायचं." आता आत कोण सोडतंय? दार बंद झालं आणि मी बाहेर बाकावर. त्यांना बाहेर आणल्यावर पहिला प्रश्न तोच, "बघितलीस का मशीन?" "आत सोडलं न्हाई, अप्पा." झालं! तिथून संशयानं जे घर केलं, ते शेवटपर्यंत.

गळ्याच्या हाडाखाली काडेपेटीएवढी गाठ हाताला लागायची. जखम भरली, चक्कर गेली, अप्पा पुन्हा सायकलवरून कामाला जाऊ लागले. पण समाधान? छे! "मायनं भाकरीबरोबर दूध चालू केलं, त्यानं चक्कर गेली," म्हणायचे. एकदा मी सुट्टीत गावी गेले, तर अप्पा बाजेवर उताणे पडलेले, पेचकसाचं टोक त्या गाठीवर आणि मूठ मायच्या कानाला! मला हसू आवरेना.

"कामून हसायलीस? आवाज येतो का बघायलाव."

"येतोय की धडधड," माय म्हणाली.

"ती माझी हाय. मशीनची कुठं हाय? गरम व्हईना, आवाज करंना, मशीन कसली ही? रिकामी डबी घालून शिवली त्यांनी."

तेवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. पण एके दिवशी म्हणाले, "हे काढून घेतो. उघडून बघतो." मी विचारलं, "आणि ठोका थांबला तर?" "थांबला तर खरी व्हती म्हणायचं." असलं बोलणं! मायनं अन्न सोडलं तेव्हा कुठे तो हट्ट सुटला. पण खरं सांगते, त्या संशयानं मलाही सोडलं नाही. बंद दाराआड काय झालं, मला तरी कुठे ठाऊक होतं? दवाखान्यातून निघताना तो डॉक्टर घाईत का होता, नजर का चुकवत होता, असलं काहीबाही मनात यायचं...

यंदा त्यांना कावीळ झाली. अंग पिवळंधमक, आवाज खोल गेलेला. मी उशाशी बसले होते. अप्पा म्हणाले, "खरं सांग. मशीन हाय का आत?"

"हाय, अप्पा."

"आवाज ऐकलीस?"

हो म्हणता आलं असतं. दुसऱ्या कुणाला म्हटलंही असतं. "न्हाई," मी म्हणाले. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. ती आमची शेवटची भेट. राग येतो मला त्यांचा, आजही येतो.

आमच्यात बायकाही अंत्ययात्रेला जातात. त्रिसरण-पंचशील झालं, काकांनी अग्नी दिला. ज्वाळा चढल्या आणि धाडकन आवाज झाला! लाकडं उडाली, माणसं मागे पळाली. काका ओरडले, "कुणी काय ठेवलंय रे आत?" पेसमेकर आधी काढायचा असतो, आगीत त्याची बॅटरी फुटते, हे बीदरच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं. आम्हाला आधी कुणीच सांगितलं नव्हतं. पण काय फुटलं ते मला तिथंच कळलं होतं. सगळे पळत होते आणि मी जागची हलले नाही, हसत होते की रडत होते कोण जाणे.

पेचकस अजून खुंटीला आहे. माय रोज पुसते. काल मी तो काढला, टोक त्यांच्या रिकाम्या बाजेला टेकवलं, मूठ कानाला लावली. काही ऐकू आलं नाही.

अप्पा, मशीन होती हो आत. तिचा आवाज सगळ्या कमठाण्यानं ऐकला... तुम्ही सोडून.