बिनधुराची भट्टी

शाळेच्या मधल्या सुट्टीत मुख्याध्यापकांच्या खोलीतून मला बोलावणं आलं. फोनवर आखाडा बाळापूरहून उज्ज्वलाचा भाऊ होता. "ताई, आक्का राहिली न्हाई," एवढंच तो म्हणाला. मी त्याच्याशी भांडायलाच लागले. काहीतरी काय बोलतोस, रविवारी ती माझ्याकडं जेवायला येणार आहे… त्याला आता महिना झाला.

नांदेडला एम.एस्सी. करताना आम्ही दोघी एका खोलीत राहायचो. मी शिक्षिका झाले, ती पीएच.डी.च्या मागं लागली आणि तीही कोळशात! "हात काळे करायला एवढं शिकलीस होय गं?" मी चिडवायचे. तिचं उत्तर ठरलेलं असायचं. कापूस वेचून झाला की तिच्या गावात शेतोशेत कपाशीची वाळकी झाडं, पऱ्हाट्या पेटवायचे, धूर गावावरून हलायचा नाही आणि तिच्या वडिलांचा दमा उसळायचा. त्या दम्यानंच ते गेले. तिला त्याच पऱ्हाट्यांचा कोळसा करून विहिरीचं पाणी गाळायचं होतं, आणि तो करताना धूर अजिबात होऊ द्यायचा नव्हता. तिचे मार्गदर्शक सर म्हणत, प्रयोगशाळेतली छोटी भट्टी पुरे. पण हिला शेतकऱ्याच्या दारात चालेल अशी भट्टी हवी होती. मग तिनं घरीच एकात एक पिंपं बसवून ती उभी केली.

वारा लागला की ज्योत विझायची आणि धूर सुटायचा. म्हणून तिनं भट्टी पत्र्याच्या शेडमध्ये नेली, तीन बाजूंनी पोती बांधली. धूर थांबला. मला मोठ्या कौतुकानं आत बसवून म्हणाली, "बघ, डोळ्याला पाणी येऊन राहिलंय का?" नव्हतंच येत. उठताना माझं डोकं मात्र ठणकत होतं. "ऊन लागलं तुला," ती म्हणाली. तिचं तर दर भट्टीला दुखायचं. आई म्हणायची दृष्ट लागली, भाऊ म्हणायचा जागरणं होतात. निखाऱ्यातून निघणाऱ्या, रंग-वास नसलेल्या त्या विषारी वायूवर आम्ही दोघींनी परीक्षेत पानं भरली होती. पण तो तिच्याच शेडमध्ये असेल हे तिच्या ध्यानात येऊ नये? मला तिचा राग येतो, फार येतो.

त्या दिवशी शेवटच्या नमुन्याची भट्टी लागली होती. तो सरांना दिला की प्रबंध लिहायचा. अवकाळी भुरभुर सुरू झाली, तशी तिनं उघड्या बाजूलाही ताडपत्री सोडली. भाऊ कळमनुरीच्या बाजारात होता. तिची आई, मी त्यांना मावशी म्हणते, ओसरीतून अधूनमधून शेडकडं बघत होती. "धूर दिसंना. म्हटलं, काम बराबर चालून राहिलं," मावशी मला सांगत होत्या. दुपारी चहा घेऊन त्या आत गेल्या, तेव्हा उज्ज्वला खांबाला टेकून बसली होती. त्यांना वाटलं, डोळा लागला असेल…

परवा जाऊन आले. शेडची पोती भावानं काढून टाकलीत. मावशी न्हाणीत पाणी तापवत होत्या. चुलीत ओलं सरपण होतं, धुरानं न्हाणी भरली होती. मी खोकत बाहेर पळाले आणि दारातूनच ओरडले, "मावशी, वाळलेलं असताना ओलं काहून घालून राहिल्या?"

त्यांनी डोळे पुसले, आणखी एक ओली काटकी आत सारली.

"असू दे बाई. धूर असला की लेकरू उठून भाईर येतंय."